तोंड पुसून

वडशाहून निघालेली आमची गाडी
सिंदेवाहीच्या अलीकडे चहाला थांबली, तेव्हा कळलं,
मी आठ हजार मागते आहे.
मीच, कुंदा लांजेवार.
फोटो माझा, नथीतला, मागच्या मंडईचा,
खाली लिहिलेलं: ताई, दवाखान्यात आहे, लवकर पाठवा.

मी कोणाला ताई लिहीत नाही. मी बाई लिहिते.
पण माझं सोंग घेतलेल्याला
माझे संवाद कुठून पाठ असणार?

तीन दिवसांआधी एक मेसेज आला होता.
नावापुढं निळी खूण देतो म्हणाला, तुम्ही कलाकार आहात ना.
सहा आकडे मागितले. दिले.
बावीस वर्षं नाटकवाली ऐकत आले,
कोणी पहिल्यांदा कलाकार म्हणालं,
आकडे काय, मी अंगठा उठवून दिला असता.

नवरगावच्या इंदिराबाईनं दोन हजार पाठवलेही.
"तू कधी मांगत नाहीस, म्हून देल्ले."
एकोणीसशे तीसला फोन लावला, तक्रार लिहून घेतली,
पैसे मात्र मीच फेडले, दोन नाइट कापून.
ती घेत नव्हती. मग घेतले.

त्या रात्री पहिला अंक पडला
आणि लुगड्याच्या पडद्यामागं लाइटवाला यशपाल
मोबाइल धरून उभा.
"काकू, इकडं पाहा. मान डावीकडं. आता उजवीकडं."
मान वळवायला मला कोण शिकवतं?
पण यंत्र म्हणालं, जुळत नाही.
पुन्हा वळवली, डोळ्यांत पाणी आणून वळवली.
जुळत नाही.

दौलतबाजी मांडीवर वही घेऊन बसलेले,
प्रॉम्प्टर माणूस, विचारल्याशिवाय बोलत नाही. बोलले,
"तोंड पुस ना बाई. त्याले तू पाह्यजे, राणी काहून दाखवून रायली?"

खोबरेल तेल, जुनी चिंधी.
राणी उतरली, भुवया उतरल्या,
गालांवरचे वांग वर आले.
बाहेर पब्लिक शिट्ट्या मारतंय,
पेटीवाला तेच ते सूर लांबवतोय,
आणि मी उघड्या तोंडानं डावीकडं, उजवीकडं.

घेतलं त्यानं.

माझे सगळे फोटो रंगवलेले, एक सोडून.
मोहफुलं वेचताना भाचीनं काढलेला,
केस पिंजारलेले, सात लाइक, काढून टाकायचा राहिलेला.
"त्याच्यावरूनच ओळखलं असेल," यशपाल म्हणाला.
खरं काय ते यंत्राला ठाऊक.

मग यादी आली, मी कुठं कुठं उघडी आहे त्याची.
हा मोबाइल.
एक शहर, जिथं आमचा प्रयोग कधी लागला नाही.
आणि तिसरा तो,
नागभीडच्या बाजारात अकराशेला विकलेला, चार वर्षांआधी.
चार वर्षं कोणीतरी मला वाचत होतं.
काही नेलं नाही, काही बोललं नाही.
यशपालनं सगळीकडून बाहेर काढलं.
तिसऱ्याच्या वेळी मी जरा थांब म्हणाले होते.
का, ते माहीत नाही.

भावाच्या नावावरचा जुना नंबर काढला.
पोराचं नाव आणि एक-दोन-तीन, तोही गेला.
आता दौलतबाजींच्या वहीतलं एक वाक्य आहे,
कधी स्टेजवर न आलेल्या नाटकातलं,
त्यात माझी एक चूक मिसळलेली.
दुसरं कुलूपही लावलं. त्याचे आकडे कागदावर.
रंगाच्या पेटीत नाहीत, पेटीला सगळ्यांचे हात.
कुठं आहेत ते यशपालला सांगितलं नाही.
त्याला वाईट वाटलं. वाटू दे.

परवा मॅनेजरचा मेसेज आला, इथं दाबा, तारखा आहेत.
मी दाबलं नाही, फोन लावला.
तूच कशावरून? सांग,
मागच्या प्रयोगात मी कुठं अडखळले?

त्यानं तीन जागा सांगितल्या.
मला एकच आठवत होती.